कॅथलिक उच्च शिक्षणसंस्थांतील विद्यार्थी-वैविध्य

रोमन कॅथलिक चर्चचे धर्मप्रांत किंवा त्याच्या आज्ञेतील धर्मसंघ यांनी चालविलेल्या विद्यापीठांत व महाविद्यालयांत भिन्न धर्मांचे, जातींचे आणि भाषांचे विद्यार्थी एकत्र येतात. भारतात अशा संस्थेची स्थिती काहीशी विलक्षण असते. ती ज्या समाजाची, तो देशात अल्पसंख्य. तिच्या व्यवस्थापनात मात्र तोच सर्वाधिकारी आणि तिच्या वर्गांत पुन्हा बहुधा अल्पसंख्यच. त्यामुळे ‘अल्पसंख्य’ हा एकच शब्द संस्थेला एका अर्थाने आणि विद्यार्थ्याला दुसऱ्याच अर्थाने लागू पडतो. कायद्याने विचार केला आहे तो मुख्यतः पहिल्या अर्थाचा. विद्यार्थ्याच्या अनुभवात महत्त्वाचा ठरतो तो दुसरा. प्रस्तुत नोंदीत महाराष्ट्रातील कॅथलिक उच्च शिक्षणाच्या अनुषंगाने आणि विशेषतः चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती परिसरातून अशा संस्थांकडे जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या संदर्भात हा विषय मांडला आहे.

पूर्वपीठिका : यूरोपातील मध्ययुगीन विद्यापीठे चर्चच्या छत्राखाली वाढली. त्यांतील विद्यार्थी प्रदेशाने व भाषेने भिन्न असले, तरी धर्माने बहुतांशी एकच होते. तेथे कलह झाले ते अन्य कारणांनी. बेल्जियममधील लूव्हाँ (ल्यूव्हेन) येथील कॅथलिक विद्यापीठ १४२५ मध्ये स्थापन झालेले. डच भाषक प्रदेशातील या विद्यापीठात फ्रेंच भाषकांचे वर्चस्व असल्याची भावना बळावून १९६६ ते १९६८ या काळात विद्यार्थ्यांची आंदोलने झाली आणि अखेर एका विद्यापीठाची भाषेनुसार दोन विद्यापीठे झाली. दोन्ही बाजूंचे विद्यार्थी एकाच धर्माचे व एकाच पंथाचे होते, ही गोष्ट या विषयाच्या अभ्यासकाने विसरू नये.

अमेरिकेत कॅथलिक हे प्रथम अल्पसंख्यच होते. जॉर्जटाउन (स्थापना १७८९) ही तेथील सर्वांत जुनी कॅथलिक उच्च शिक्षणसंस्था. जेझुइट संघाच्या मेरिलंड प्रांताने १८३८ मध्ये २७२ गुलामांची विक्री केली आणि त्या पैशाचा काही भाग या संस्थेचे कर्ज फेडण्यास लागला. याच संस्थेचे १८७४ ते १८८२ या काळातील अध्यक्ष पॅट्रिक हीली यांची आई गुलाम स्त्री होती. पण गौरवर्णी म्हणूनच त्यांचा वावर झाला. विकलेल्या गुलामांच्या वंशजांना प्रवेशात प्राधान्य देण्याचा निर्णय संस्थेने २०१६ मध्ये जाहीर केला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) अन्य धर्मांविषयी आदराची आणि धर्मस्वातंत्र्याच्या मान्यतेची भूमिका घेतल्यावर जगभरच्या कॅथलिक विद्यापीठांत अकॅथलिक विद्यार्थ्यांच्या स्थानाचा विचार नव्याने सुरू झाला. भारतात तो प्रश्न शंभर वर्षे आधीच उभा राहिलेला होता. कारण येथील कॅथलिक महाविद्यालयांत प्रारंभापासून अकॅथलिक विद्यार्थी होतेच.

महाराष्ट्रातील वाटचाल : मराठीशी जेझुइटांचा संबंध जुना आहे. फादर टॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यातील रायतूर (राशोल) येथे छापले गेले. मात्र अडीचशे वर्षांनी याच संघाने मुंबईत महाविद्यालय काढले, तेव्हा त्याची भाषा इंग्रजी होती. सेंट झेवियर्स महाविद्यालय (१८६९) हे जर्मन जेझुइटांनी स्थापिले. तोवर मुंबईतील हिंदू व पारशी समाजांत मिशनच्या शाळांविषयी धास्ती रुजली होती. १८३९ मध्ये प्रॉटेस्टंट मिशनरी जॉन विल्सन यांच्या शाळेतील पारशी तरुणांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर त्या शाळेतील बहुसंख्य मुले काढून घेण्यात आली. १८४३ मध्ये श्रीपत शेषाद्री या अल्पवयीन ब्राह्मण मुलाचा ताबा न्यायालयाने मिशनऱ्यांकडून काढून पित्याकडे दिला. त्याला पुन्हा जातीत घ्यावे की नाही, यावरून मोठा वाद झाला व बाळशास्त्री जांभेकरांनी त्याला परत घेण्याचा पक्ष उचलून धरला. मिशनच्या संस्थेतील अख्रिस्ती विद्यार्थ्याच्या प्रश्नाची मराठी समाजात झालेली ही आरंभीची एक जाहीर चर्चा होय. जेझुइटांनी या अनुभवावरून धडा घेतला असे म्हणता येईल. कॅथलिक विद्यार्थ्यांना धर्मशिक्षण आणि इतरांना सर्वसामान्य नीतिशिक्षण, अशी विभागणी कॅथलिक संस्थांत रूढ झाली. प्रॉटेस्टंट महाविद्यालयांतील बायबलच्या तासावरून जसे वाद झाले, तसे वाद येथे तुलनेने कमी झाले, त्याचे एक कारण हे असावे.

पहिल्या महायुद्धात जर्मन धर्मगुरूंना शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून काम सोडावे लागले आणि पुढे त्यांची जागा स्पॅनिश जेझुइटांनी घेतली. १९२२ मध्ये आलेले फादर एन्रिक हेरास (१८८८–१९५५) यांनी १९२६ मध्ये भारतीय इतिहास संशोधनाची संस्था महाविद्यालयातच स्थापिली. ती आज त्यांच्या नावाने ओळखली जाते. अख्रिस्ती विद्यार्थ्याला त्याच्या स्वतःच्या परंपरेचा अभ्यास या संस्थेत गांभीर्याने करता येऊ लागला. हे काम प्रवेशसंख्येच्या कोणत्याही तक्त्यात दिसत नाही. मुंबईत स्त्रियांसाठी सोफिया महाविद्यालय १९४० मध्ये निघाले. पुण्यास १९५५ मध्ये श्रीलंकेतील कँडीहून धर्मगुरूंचे प्रशिक्षण देणारे विद्यापीठ हलविण्यात आले. ‘ज्ञानदीप विद्यापीठ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संस्थेत लॅटिन, सिरो-मलबार व सिरो-मलंकार अशा तिन्ही उपासनापरंपरांचे विद्यार्थी देशभरातून येतात. विद्यार्थी एकाच धर्माचे असले, म्हणजे वैविध्य उरत नाही, असा समज असलेल्यांनी ही संस्था पाहावी.

भारतात अलीकडे बंगलोरचे ख्राइस्ट (अभिमत विद्यापीठ, २००८), कोलकात्याचे सेंट झेवियर्स (२०१७) आणि बंगलोरचेच सेंट जोसेफ्स (२०२२) अशी कॅथलिक विद्यापीठे झाली. महाराष्ट्रात मात्र हे शिक्षण मुख्यतः राज्य विद्यापीठांना संलग्न असलेल्या महाविद्यालयांतून दिले जाते. मुंबईच्या सेंट झेवियर्सला २०१० मध्ये स्वायत्तता मिळाली.

संस्थेचा हक्क आणि विद्यार्थ्याचा हक्क : संविधानसभेत जेरोम डिसूझा हे जेझुइट धर्मगुरू सदस्य होते आणि अल्पसंख्यांच्या शैक्षणिक हक्कांच्या विचारविनिमयात त्यांचा सहभाग होता. संविधानाच्या अनुच्छेद ३० (१) अन्वये धार्मिक व भाषिक अल्पसंख्यांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क मिळाला. विद्यार्थ्याच्या बाजूने दोन तरतुदी आहेत. अनुच्छेद २८ (३) प्रमाणे राज्याने मान्यता वा अनुदान दिलेल्या संस्थेत कोणाही विद्यार्थ्याला त्याच्या किंवा तो अज्ञान असल्यास पालकाच्या संमतीवाचून धर्मशिक्षण वा उपासना यांत भाग घेण्यास भाग पाडता येत नाही. अनुच्छेद २९ (२) प्रमाणे अनुदानित संस्थेत केवळ धर्म, वंश, जात वा भाषा या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही.

या तरतुदींच्या अर्थनिर्णयात महाराष्ट्राचा वाटा प्रारंभापासून आहे. इंग्रजी माध्यमाच्या शाळांत अँग्लो-इंडियन व आशियाईतर वंशाच्या मुलांखेरीज इतरांना घेऊ नये, असे परिपत्रक मुंबई राज्याने काढले होते. देवळाली (जि. नासिक) येथील बार्न्स हायस्कूल चालविणाऱ्या सोसायटीने त्याला आव्हान दिले आणि १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक घटनाबाह्य ठरविले. ही शाळा कॅथलिक नव्हती; पण इतर समाजांच्या मुलांना घेण्याचा अल्पसंख्य संस्थेचा हक्क तीमुळे प्रस्थापित झाला. ‘बाहेरच्या’ विद्यार्थ्यांना घेतल्याने संस्थेचे अल्पसंख्य स्वरूप नष्ट होत नाही, असे केरळच्या शिक्षण विधेयकावरील १९५८ च्या अभिमतात म्हटले आहे. दिल्लीच्या सेंट स्टीफन्स या प्रॉटेस्टंट महाविद्यालयासंबंधीच्या निर्णयात (१९९१) स्वसमाजासाठी ५० टक्क्यांपर्यंत जागा राखण्याची मुभा दिली गेली. पुढे टी. एम. ए. पै प्रतिष्ठान खटल्यात (२००२) अकरा न्यायाधीशांनी हे प्रमाण सरसकट ठरवून न देता ते संस्थेचे स्वरूप व स्थानिक गरज यांवर सोपविले. पी. ए. इनामदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य (२००५) या निर्णयाने विनाअनुदानित संस्थांवर राज्याला आपले आरक्षण लादता येत नाही असे ठरले. त्यावर उपाय म्हणून ९३ वी घटनादुरुस्ती झाली. परंतु तीतून अल्पसंख्य संस्था, मग त्या अनुदानित असोत वा नसोत, वगळण्यात आल्या.

अहमदाबादच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या खटल्याचा (१९७४) येथे स्वतंत्र उल्लेख केला पाहिजे. गुजरात विद्यापीठाच्या कायद्यात अशी तरतूद होती, की महाविद्यालयाच्या नियामक मंडळावर विद्यापीठाचा प्रतिनिधी, अध्यापक, अध्यापकेतर कर्मचारी व किमान एक विद्यार्थी असावा. नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने ती अल्पसंख्य संस्थांना लागू होणार नाही असे ठरविले. अल्पसंख्यांच्या स्वायत्ततेची सनद म्हणून हा निर्णय गौरविला जातो आणि ते रास्तच आहे. मात्र त्याच निर्णयाने अशा संस्थेतील विद्यार्थ्याची नियामक मंडळावरील खुर्चीही काढून घेतली, याकडे सहसा लक्ष वेधले जात नाही.

भद्रावती परिसर : भद्रावती (जुने नाव भांदक) हे चंद्रपूरच्या उत्तरेस सु. २५ किमी.वर, नागपूर–बल्लारशा लोहमार्गावर आहे. विजासनची बौद्ध लेणी, पार्श्वनाथाचे जैन मंदिर आणि भद्रनागाचे देऊळ ही तिन्ही एकाच गावात आहेत. १९६० नंतर येथे संरक्षण खात्याचा दारूगोळा कारखाना (आयुध निर्माणी, चांदा) उभा राहिला आणि माजरी परिसरात कोळशाच्या खाणी वाढल्या. केंद्र शासनाच्या नोकरीमुळे देशाच्या निरनिराळ्या भागांतील कुटुंबे वसाहतीत आली. वसाहतीतील मूल केंद्रीय विद्यालयात हिंदी-इंग्रजीतून शिकते आणि जवळच्या खेड्यातील मूल जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठीतून, असा भेद दोन-चार किमी.च्या अंतरातच पडतो. पुढे महाविद्यालयात जो भेद दिसतो त्याचे मूळ येथे आहे.

या भागात ‘अल्पसंख्य’ म्हटले, की प्रथम बौद्ध समाज डोळ्यांपुढे येतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे आणि १६ ऑक्टोबरला चंद्रपूर येथे आपल्या अनुयायांना बौद्ध धम्माची दीक्षा दिली. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात बौद्धांचे प्रमाण सु. ५·८ टक्के, तर ख्रिस्ती लोकांचे जेमतेम १ टक्का होते. ख्रिस्ती मिशनऱ्यांपैकी स्कॉटिश एपिस्कोपल चर्चचे मिशन चांद्यास एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आले. कॅथलिकांचे संघटित कार्य बरेच पुढचे. केरळातील सिरो-मलबार चर्चला केरळबाहेर पहिले मिशनक्षेत्र मिळाले ते चांद्याचे, १९६२ मध्ये. ते कार्मेलाइट्स ऑफ मेरी इमॅक्युलेट या केरळातील धर्मसंघाकडे सोपविण्यात आले. १९७७ मध्ये त्याला धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. त्याचे केंद्र बल्लारपूर येथे आहे. याच धर्मसंघाने १९६९ मध्ये बंगलोरला काढलेले ख्राइस्ट महाविद्यालय आज अभिमत विद्यापीठ असून, त्याचे एक संकुल पुणे जिल्ह्यात लवासा येथे आहे. म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यात शाळा व दवाखाने आणि शहरांत विद्यापीठ, अशी एकाच संघाच्या कार्याची दोन टोके आहेत. या दोहोंना जोडणारी वाट सर्वांना सारखी मोकळी नाही.

भद्रावतीच्या विद्यार्थ्याला जवळचे कॅथलिक महाविद्यालय म्हणजे नागपूरच्या सेमिनरी हिल्सवरील सेंट फ्रान्सिस डी सेल्स महाविद्यालय. ते १९५६ मध्ये, म्हणजे धम्मदीक्षेच्याच वर्षी सुरू झाले. नागपूरचा धर्मप्रांत १८८७ चा आणि लॅटिन परंपरेचा आहे. पॅलोटाइन धर्मसंघाचे सेंट व्हिन्सेंट पॅलोटी अभियांत्रिकी महाविद्यालय नागपुरातच २००४ मध्ये निघाले. २०११ पर्यंत चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे नागपूर विद्यापीठाच्याच कक्षेत होते. त्या वर्षी गडचिरोलीस गोंडवाना विद्यापीठ झाल्यावर नागपूरला जाणे हा नित्यक्रम न राहता निवडीचा आणि म्हणून ऐपतीचा प्रश्न झाला.

एकाच गाडीने नागपूरला जाणारे चार विद्यार्थी कल्पावे. वसाहतीतील मलयाळी कॅथलिक मुलगा संस्थेच्या यादीत ‘स्वसमाजाचा’ ठरतो आणि त्या जागांवर त्याचा हक्क पोहोचतो. तथापि तेथील लॅटिन उपासना त्याच्या घरच्या परंपरेहून वेगळी असते आणि मराठी मित्रांच्या लेखी तो ‘केरळचा’च राहतो. बौद्ध विद्यार्थिनीची स्थिती अधिक विचारात पाडणारी आहे. १९९० पासून केंद्र शासनाच्या व्यवस्थेतही बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा आहे. १९९३ पासून बौद्ध हा अधिसूचित अल्पसंख्य समाजही आहे. एरवी ही दोन्ही कवाडे तिला उघडी असतात. ख्रिस्ती अल्पसंख्य संस्थेत मात्र अल्पसंख्यांच्या जागा ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या आणि अनुसूचित जातींचे आरक्षण संस्थेला बंधनकारक नाही. देशात दोन प्रकारांनी अल्पसंख्य असलेल्या विद्यार्थिनीला येथे खुल्या यादीतून किंवा संस्थेच्या सद्भावनेने प्रवेश मिळतो. गोंड वा माडिया विद्यार्थ्याला धर्मांतराने अनुसूचित जमातीचा दर्जा जात नाही. म्हणून ख्रिस्ती गोंड हा स्वसमाजाचाही व अनुसूचित जमातीचाही असू शकतो. अख्रिस्ती गोंडाचा दर्जा तोच, परंतु प्रवेशाची बाजू बौद्ध विद्यार्थिनीसारखीच. चौथा विद्यार्थी जैन. २०१४ मध्ये हा समाजही अधिसूचित अल्पसंख्यांत आला. त्याची अडचण प्रवेशाची सहसा नसते, ती खानावळीत सुरू होते.

शासकीय शिष्यवृत्ती संस्थेला चिकटलेली नसून विद्यार्थ्याबरोबर जाते, हा यातील दिलासा होय. राहण्याच्या व्यवस्थेचे मात्र तसे नाही. आदिवासी विकास विभागाची वसतिगृहे, समाजकल्याण खात्याची वसतिगृहे, संस्थेचे स्वतःचे वसतिगृह आणि भाड्याच्या खोल्या अशा चार दिशांना वर्ग सुटल्यावर विद्यार्थी पांगतात. वर्गात दिवसा दिसणारे वैविध्य संध्याकाळी आपापल्या प्रवर्गात परत जाते. मैत्री, वाद, उसनी वह्या-पुस्तके आणि परीक्षेच्या आदल्या रात्रीचा अभ्यास हे सारे जेथे घडते ते ठिकाण वर्ग नसून वसतिगृह असते, हे लक्षात घेतले, म्हणजे या पांगण्याचे महत्त्व कळते.

भाषा : कॅथलिक महाविद्यालयांत अख्रिस्ती विद्यार्थ्याला धर्माने जितके परके वाटते, त्याहून मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला इंग्रजीने अधिक परके वाटते. नागपूर विद्यापीठाने स्वातंत्र्याच्या सुमारासच मराठी व हिंदी ही पदवीची माध्यमे मान्य केली; परंतु विज्ञान, वाणिज्य व अभियांत्रिकी यांतील व्यवहार इंग्रजीत राहिला आणि अशा संस्थांची प्रतिष्ठाही इंग्रजीवरच उभी राहिली. प्रश्न मनात असून विचारता न येणे, हा या विद्यार्थ्यांचा पहिल्या वर्षाचा सामाईक अनुभव असतो. त्यात बौद्ध, गोंड, कुणबी असा भेद नाही. वसईच्या सामवेदी व वाडवळी बोलणाऱ्या कॅथलिक विद्यार्थ्यालाही मुंबईच्या महाविद्यालयात तो येतो. धर्म एक असल्याने तो टळत नाही. वसईचेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो (मृत्यू २०२४) हे २०२० मध्ये उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा मराठी कॅथलिक म्हणजे काय, याची ओळख अनेक वाचकांना प्रथमच झाली. माडिया वा गोंडी भाषक विद्यार्थ्याच्या बाबतीत मराठी ही शाळेत शिकलेली दुसरी भाषा आणि इंग्रजी तिसरी. गोंडी संविधानाच्या आठव्या अनुसूचीत नाही आणि महाविद्यालयाच्या अर्जातील ‘मातृभाषा’ या रकान्यापलीकडे तिची फारशी दखल घेतली जात नाही.

काही संस्थांनी या बाबतीत केलेले प्रयत्न उल्लेखनीय आहेत. मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये मराठी वाङ्मय मंडळ दीर्घकाळ कार्य करीत आले आहे. इंग्रजी वातावरणात मराठी मुलांना हक्काचा कट्टा मिळाला तो तेथे. दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी २००३ मध्ये स्थापन झालेले साधनकेंद्र आणि सर्व विद्यार्थ्यांना ठराविक तास समाजकार्य करावयास लावणारा उपक्रम यांमुळेही त्या महाविद्यालयाचे नाव झाले.

जात आणि चर्च : ख्रिस्ती समाजांतर्गत भेदही वर्गात येतात. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार हा दर्जा प्रथम फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये शीख व १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती झालेले दलित त्याबाहेरच राहिले. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील व मराठवाड्यातील दलित ख्रिस्ती विद्यार्थ्याला म्हणून बाहेर अनुसूचित जातीची सवलत नाही. कॅथलिक संस्थेतील स्वसमाजाच्या जागा हाच त्याचा मोठा आधार. परंतु तेथे त्याची स्पर्धा शहरी, इंग्रजी माध्यमाच्या, मुंबईकर व गोमंतकीय कॅथलिकांशी असते. गुणानुक्रमे या जागा भरल्या, तर अल्पसंख्यांसाठी राखलेल्या जागांतही त्यांतील अल्पबल मागे पडतात. भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २००७ च्या शिक्षणविषयक धोरणात दरिद्री, दलित व आदिवासी विद्यार्थ्यांना प्राधान्य देण्याचे तत्त्व स्वीकारले आणि २०१६ च्या दलितविषयक धोरणात चर्चमध्येही अस्पृश्यता पाळली जात असल्याची स्पष्ट कबुली दिली. ही धोरणे अंमलात आणणे त्या त्या संस्थेच्या इच्छेवर आहे. विद्यार्थ्याला त्यांचा आधार घेऊन न्यायालयात जाता येत नाही.

धर्माचरण : वर्गातील क्रूस, सभेच्या आरंभीची प्रार्थना, नाताळची दीर्घ सुटी, संस्थेच्या संरक्षक संताचा सण, ही अशा संस्थांची बाह्य चिन्हे. बहुतेक अख्रिस्ती विद्यार्थी त्यांच्याशी सहज जुळवून घेतात. अनेकांना त्यांची गोडीही लागते. प्रश्न येतो तो विद्यार्थ्याची स्वतःची चिन्हे संस्थेत येतात तेव्हा. तिरुवनंतपुरम येथील एका ख्रिस्ती शाळेत डोक्यावर रुमाल व पूर्ण बाह्यांचा सदरा घालू द्यावा, अशी मुस्लिम विद्यार्थिनींची मागणी होती. २०१८ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने व्यक्तीच्या हक्कापेक्षा संस्थेचा गणवेश ठरविण्याचा व्यापक हक्क वरचढ मानला. दोन्ही पक्ष अल्पसंख्य असताना दिलेला हा निर्णय आहे. वेगळे उदाहरण म्हणजे जॉर्जटाउन विद्यापीठ. तेथे १९९९ मध्ये पूर्णवेळ मुस्लिम इमामाची आणि २०१६ मध्ये हिंदू धर्मोपदेशकाची नेमणूक झाली. भारतीय कॅथलिक संस्थांत विद्यार्थी-समुपदेशक असतात. अन्य धर्मांच्या उपदेशकाची प्रथा येथे रूढ नाही आणि तिची मागणीही विशेष झालेली नाही. नागपूर-चंद्रपूरकडच्या बौद्ध विद्यार्थ्यांची अपेक्षा साधी असते : १४ एप्रिलची जयंती आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन संस्थेच्या कार्यक्रमपत्रिकेत असावेत. आपल्या सणाला इतरांनी यावे, हे त्यांना आपण इतरांच्या सणाला जाण्याइतकेच महत्त्वाचे वाटते.

तक्रार व दाद : विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ च्या विनियमांद्वारे उच्च शिक्षणसंस्थांत समान संधी कक्ष व भेदभावविरोधी अधिकारी असण्याची तरतूद केली. अल्पसंख्य संस्थेत अशा कक्षाला एक अधिकचे काम पडते. तक्रार ऐकणारे आणि संस्था चालविणारे एकाच समाजाचे असण्याचा संभव तेथे मोठा असल्याने, विद्यार्थी बोलण्यापूर्वी तेथील नावे वाचतो. विद्यार्थी प्रतिनिधींत मराठी माध्यमाचे, अनुसूचित जातिजमातींचे व ख्रिस्तेतर अल्पसंख्यांचे विद्यार्थी असावेत, असा नियम संस्था स्वतः करू शकते. १९७४ चा निर्णय त्याच्या आड येत नाही. त्या निर्णयाने नाकारली आहे ती बाहेरून केलेली सक्ती.